पुणे सिटीसमोर बेंगळुरूचं आव्हान: छेत्री, मिकू आणि आणखी कोणाला रोखावं लागेल?

इंडियन सुपर लीगच्या चौथ्या हंगामात एफसी पुणे सिटीने अखेर पहिल्या चारांत जागा मिळवली. याआधीच्या तीन हंगामांत हे एकदाही जमलं नव्हतं. बुधवारी, ७ मार्च २०१८ ला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सेमीफायनलचा पहिला सामना होईल, रविवारी ११ मार्चला बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर दुसरा. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करून फायनलला कोण जाणार हे ठरेल.

समोर आहे बेंगळुरू एफसी. आयएसएलमधलं त्यांचं हे पहिलंच वर्ष, पण त्यांना नवखं म्हणणं म्हणजे गंमतच. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या क्लबने आय-लीग दोनदा जिंकली आहे. २०१६ मध्ये एएफसी कपची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. यंदा १८ सामन्यांत १३ विजय, एक बरोबरी, चार पराभव आणि ४० गुण अशी कामगिरी करून त्यांनी साखळीत पहिला नंबर पटकावला. पुणे ३० गुणांसह चौथं. एवढा फरक असताना पुण्याच्या चाहत्यांनी आशा कशावर ठेवायची?

उत्तर शोधायचं तर आधी बेंगळुरूकडे कोण कोण आहे आणि त्यातला प्रत्येक जण नेमकं काय करतो, ते पाहावं लागेल.

दोन माणसं, २४ गोल

बेंगळुरूने साखळीत ३५ गोल केले. त्यातले १४ मिकूचे आणि १० सुनील छेत्रीचे. म्हणजे दर तीन गोलांमधले दोनपेक्षा जास्त गोल या दोघांच्या नावावर आहेत. ही बेंगळुरूची ताकद आहे, तसाच त्यांच्याबद्दलचा सगळ्यात मोठा प्रश्नही हाच आहे. या दोघांना गप्प बसवलं तर गोल करणार कोण?

अर्थात, गप्प बसवणं सोपं असतं तर अठरा सामन्यांत कोणीतरी बसवलंच असतं.

मिकू हे त्याचं टोपणनाव. खरं नाव निकोलास फेडोर. व्हेनेझुएलाचा हा ३२ वर्षांचा स्ट्रायकर स्पेनमध्ये गेटाफे, रायो व्हायेकानो अशा क्लबांकडून खेळला आहे, स्कॉटलंडच्या सेल्टिककडूनही. आयएसएलमध्ये येणारे बरेच परदेशी स्ट्रायकर पेनल्टी बॉक्समध्ये उभे राहून चेंडूची वाट पाहतात. मिकूचा खेळ तसा नाही. तो खाली येतो, सेंटर बॅकला आपल्यामागे ओढत नेतो, चेंडू पायाशी ठेवून दुसऱ्याला देतो आणि पुन्हा बॉक्सकडे धाव घेतो. बचावपटू त्याच्यामागे गेला की मागे मोकळी जागा तयार होते, नाही गेला तर मिकूला वळून फटका मारायला वेळ मिळतो. दोन्हीकडून पंचाईत.

पुण्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. यंदा दोन्ही संघ दोनदा भिडले आणि त्या दोन सामन्यांत बेंगळुरूने केलेल्या चार गोलांपैकी तीन मिकूचे होते.

ती मोकळी जागा ज्याच्यासाठी तयार होते तो छेत्री. वय ३३, भारतासाठी ५० हून जास्त गोल. आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय. ती त्याने २०१५ मध्ये मुंबई सिटीकडून केली होती. छेत्रीविषयी लिहिताना बहुतेक वेळा त्याच्या जिद्दीचं, नेतृत्वाचं कौतुक होतं. प्रतिस्पर्धी संघाच्या बैठकीत मात्र या गोष्टींचा काही उपयोग नसतो. तिथे विचारलं जातं की तो चेंडू कुठे मागतो आणि कुठून येतो. छेत्री अनेकदा डावीकडून सुरुवात करतो, पण बाजूच्या रेषेला चिकटून राहत नाही. चेंडू उजवीकडे असला की तो गुपचूप आत, दुसऱ्या पोस्टकडे सरकतो. आता उजव्या बॅकने त्याच्यामागे आत जायचं की आपली जागा धरून ठेवायची? हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो. शिवाय उंची फार नसूनही तो हवेतले चेंडू जिंकतो, कारण त्याची उडी योग्य वेळी असते.

पुण्याच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट अशी की मिकूला एका सेंटर बॅकने आणि छेत्रीला उजव्या बॅकने स्वतंत्रपणे सांभाळून चालणार नाही. कोण कोणाला कधी सोडणार आणि सोडलेल्या माणसाला कोण घेणार, हे चार बचावपटूंमध्ये आधीच ठरलेलं हवं. कर्णधारासारखा सतत बोलत राहणारा सेंटर बॅक अशा वेळी लागतो. पुण्याकडे स्पेनचा राफा लोपेझ आहे. हे काम त्यालाच करावं लागेल.

उजवीकडचा वेग

बेंगळुरूचा चेंडू उजवीकडे गेला की तिथे उदांता सिंग असतो. मणिपूरचा, टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला, २१ वर्षांचा विंगर. भारतीय फुटबॉलमध्ये सरळ रेषेत त्याच्याइतका वेगाने पळणारे फार थोडे. गोलांच्या यादीत त्याचं नाव वर दिसणार नाही, कारण त्याचं काम गोल करण्याआधीचं आहे. बचावफळीच्या मागे पळायचं आणि चेंडू आडवा बॉक्समध्ये टाकायचा. तिकडे मिकू आणि छेत्री येतातच.

पुण्यासाठी ही लढत विशेष बारकाईने पाहण्यासारखी ठरेल. डाव्या बॅकच्या जागेवर उत्तराखंडचा साहिल पन्वर खेळला, तर १८ वर्षांच्या मुलासमोर उदांता असेल. साहिलने या हंगामात धिटाई दाखवली आहे, पुढे जायलाही तो घाबरत नाही. पण उदांतासमोर पुढे जाणं म्हणजे पाठीमागे तीस मीटर मोकळं मैदान सोडणं. त्याच्या पुढे खेळणाऱ्या विंगरला मागे येऊन मदत करावी लागेल. तो विंगर मलप्पुरमचा आशिक कुरुनियन असेल, तर पुण्याच्या हल्ल्याचा एक धारदार भाग बचावात अडकेल. बेंगळुरूला बहुधा हेच हवं असेल.

ज्यांची नावं मथळ्यात येत नाहीत

गोल करणाऱ्यांची चर्चा सगळेच करतात. बेंगळुरूचा खेळ ज्यांच्या भोवती फिरतो ते दोघं मात्र मैदानाच्या मध्यावर असतात: एरिक पार्टालू आणि दिमास देल्गादो.

दिमास स्पेनचा. त्याच्याकडे वेग नाही. त्याला वेगाची गरजही पडत नाही, कारण चेंडू येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे त्याने ठरवलेलं असतं. मागून चेंडू घ्यायचा, एका बाजूला प्रतिस्पर्धी गोळा होऊ द्यायचे आणि अचानक दुसऱ्या बाजूला लांब पास टाकायचा. उदांताला मोकळं मैदान मिळतं ते बऱ्याचदा अशा पासमुळे.

पार्टालू ऑस्ट्रेलियाचा, धिप्पाड मिडफिल्डर. प्रतिस्पर्ध्यांचे हल्ले मोडणं हे त्याचं रोजचं काम. पण कॉर्नर मिळाला की तो बॉक्समध्ये येतो आणि मग मामला बदलतो. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगची फायनल ब्रिस्बेन रोअर जवळजवळ हरल्यात जमा होती. जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी कॉर्नरवर पार्टालूने हेडर मारून बरोबरी साधली आणि ब्रिस्बेनने पेनल्टी शूटआउटमध्ये विजेतेपद मिळवलं. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर देणं किती महागात पडू शकतं, हे सांगायला हे एक उदाहरण पुरे.

पुण्याचा आदिल खान हवेतल्या चेंडूंवर मजबूत आहे. पार्टालूची जबाबदारी त्याच्याकडे देणं शहाणपणाचं ठरेल.

जानेवारीत बेंगळुरूला एक धक्का बसला होता. त्यांचा सर्वांत कल्पक मिडफिल्डर, स्पेनचा एदू गार्सिया, हंगामाच्या मध्यावर चीनमधल्या क्लबकडे गेला. तेव्हा अनेकांना वाटलं की आता हा संघ मंदावेल. झालं उलटंच. १४ जानेवारीला दिल्लीत पराभव झाल्यानंतर बेंगळुरू साखळीत एकदाही हरलेलं नाही. याचं श्रेय प्रशिक्षक अल्बर्ट रोका यांना द्यावं लागतं. बार्सिलोनात फ्रँक रायकार्ड यांचे सहायक राहिलेले रोका एकाच साच्याला चिकटून राहत नाहीत. कधी चार बचावपटू, कधी तीन. तीन असले की दोन्ही बाजूंचे बॅक वर चढतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या विंगरना मागे ढकलतात.

भिंत आणि तिच्यातल्या फटी

बेंगळुरूने १८ सामन्यांत फक्त १६ गोल स्वीकारले. लीगमध्ये हे सर्वांत कमी. गोलपोस्टमध्ये साडेसहा फुटांच्या जवळपास उंचीचा गुरप्रीत सिंग संधू, त्याच्यापुढे स्पेनचा हुआनान आणि क्लबच्या पहिल्या दिवसापासून असलेला इंग्लंडचा जॉन जॉन्सन. गुरप्रीत नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये होता आणि युरोपा लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला. उंच क्रॉस तो हातानेच उचलतो, त्यामुळे बाजूने नुसते चेंडू टाकत राहणं म्हणजे त्याला सराव देण्यासारखं आहे.

मात्र त्याचा पारा चढतो हेही यंदा दिसलं. नोव्हेंबरमध्ये गोव्यात मॅन्युएल लान्झारोतेशी झालेल्या झटापटीत त्याला पहिल्याच हाफमध्ये लाल कार्ड मिळालं आणि बेंगळुरू तो सामना ३-४ असा हरलं.

बचावातलं आणखी एक नाव महाराष्ट्रातल्या वाचकांच्या ओळखीचं: राहुल भेके. मुंबईचा हा खेळाडू २०१६ मध्ये पुणे सिटीकडूनच खेळला होता. आता तो बेंगळुरूच्या बचावाचा पक्का भाग आहे. बालेवाडीचं मैदान त्याला परकं नाही. त्याचा लांब थ्रो-इनही ध्यानात ठेवायला हवा. पुण्याच्या बॉक्सजवळ चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो जवळजवळ कॉर्नरच समजावा. घाईत चेंडू बाहेर मारून सुटकेचा नि:श्वास टाकायची सवय त्या भागात तरी बचावपटूंना सोडावी लागेल.

मग या संघाला हरवलं कोणी आणि कसं?

यंदा बेंगळुरूला चार संघांनी हरवलं: गोवा, चेन्नईयिन, जमशेदपूर आणि दिल्ली. गोव्याचा सामना लाल कार्डमुळे वेगळा ठरतो, तो बाजूला ठेवू. उरलेल्या तिघांत एक साम्य आहे. चेन्नईयिनचा विजयी गोल ८८ व्या मिनिटाला आला. जमशेदपूरला अगदी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर विजय मिळाला. दिल्लीचा पहिला गोल ७२ व्या मिनिटाचा आणि दुसरा भरपाई वेळेतला. म्हणजे तिन्ही सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी बेंगळुरूला दीर्घकाळ झुंजवलं आणि शेवटच्या वीस मिनिटांत घाव घातला. चेन्नईयिन आणि जमशेदपूरने तर हे कंठीरवावर करून दाखवलं.

यावरून बेंगळुरू शेवटी दमतं असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. कदाचित उलट असेल. बरोबरी त्यांना मानवत नाही, म्हणून ते जिंकायला पुढे येतात आणि मागे जागा सुटते. १८ सामन्यांत त्यांची एकच बरोबरी आहे, हा आकडा तेच सुचवतो.

आणि ती एकमेव बरोबरी कोणाविरुद्ध? पुण्याविरुद्धच. १६ फेब्रुवारीला कंठीरवावर मार्सेलिन्होने पुण्याला आघाडी मिळवून दिली होती, नंतर मिकूने गोल फेडला आणि सामना १-१ असा सुटला.

डिसेंबरचा तो सामना

१४ डिसेंबरला बालेवाडीत झालेला सामना पुणे १-३ असा हरलं. धावफलक पाहिला तर एकतर्फी वाटतो, प्रत्यक्षात तसं नव्हतं. आदिल खानच्या गोलमुळे मध्यंतराला पुणे पुढे होतं. दुसऱ्या हाफमध्ये बलजीत साहनीला लाल कार्ड मिळालं, पुणे दहा जणांवर आलं आणि तिथून चक्र फिरलं. मिकूने दोन गोल केले, शेवटी छेत्रीने तिसरा.

म्हणजे दोन्ही सामन्यांत पहिला गोल पुण्याचा होता. बेंगळुरूविरुद्ध आघाडी कशी घ्यायची हे पुण्याला कळलं आहे. ती टिकवायची कशी, हे अजून कळलेलं नाही. अकरा जण मैदानावर ठेवणं ही त्याची पहिली अट. या संघाचा शिस्तीच्या बाबतीतला लौकिक फारसा चांगला नाही आणि तो फक्त खेळाडूंपुरता मर्यादित नाही. पंचांवर जाहीर टीका केल्यामुळे प्रशिक्षक रँको पोपोविच यांच्यावर कारवाई झाली आहे. सेमीफायनलसारख्या सामन्यात मुख्य प्रशिक्षक बाकावर नसणं, बदली खेळाडू कधी उतरवायचा हा निर्णय सहायकाला घ्यावा लागणं, हे पुण्याने स्वतःच ओढवून घेतलेलं ओझं आहे. शेवटच्या वीस मिनिटांत सामना फिरवणाऱ्या संघासमोर ते आणखी जड होतं.

पुण्याकडे काय आहे?

मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो. २०१६ मध्ये दिल्लीकडून खेळताना गोल्डन बूट जिंकणारा ब्राझीलचा मार्सेलिन्हो यंदा आठ गोल करून बसला आहे, उरुग्वेचा अल्फारो नऊ. पुण्याच्या ३० गोलांपैकी १७ या जोडीचे. बेंगळुरूसारखंच इथेही दोघांवर मदार आहे, फक्त यांच्या मागे दिमास किंवा पार्टालूच्या तोडीचं मधलं इंजिन नाही. मार्को स्टॅन्कोविचचा पास चांगला आहे, पण सलग नव्वद मिनिटं मधला भाग ताब्यात ठेवणं हा पुण्याचा पिंड नाही. हा संघ चेंडू हिसकावून दोन-तीन पासांत समोरच्या बॉक्सपर्यंत पोहोचतो तेव्हा धोकादायक असतो. कोलकात्यात एटीकेवर ४-१, इथे नॉर्थईस्टवर ५-० आणि त्यात मार्सेलिन्होची हॅटट्रिक, हे निकाल अशाच खेळातून आले.

म्हणून बुधवारी पुण्याने चेंडू बेंगळुरूकडे राहू दिला तर प्रेक्षकांनी लगेच नाराज होऊ नये. बेंगळुरूचे बॅक वर चढल्यावर त्यांच्या पाठीमागे जी जागा सुटेल तिथे मार्सेलिन्हो आणि डिएगो कार्लोस यांना पोहोचवणं, हा पुण्यासाठी सर्वांत सरळ रस्ता आहे. हुआनान आणि जॉन्सन हवेत भक्कम आहेत. जमिनीवरून, वेगाने, त्यांना वळायला लावणारे पास आले तर ते माणसंच आहेत.

अडचण वेगळीच आहे. घरचं मैदान हा पुण्यासाठी फायदा आहे, असं यंदा म्हणवत नाही. हंगामाचा पहिलाच सामना बालेवाडीत दिल्लीकडून २-३ असा गेला. बेंगळुरूकडून १-३, केरळकडून १-२ आणि नुकताच, फेब्रुवारीच्या अखेरीस, गोव्याकडून ०-४. घरच्या प्रेक्षकांसमोर पुणे जिंकायच्या ईर्षेने पुढे जातं आणि मागे उघडं पडतं, असा हा नमुना आहे. दोन सामन्यांच्या सेमीफायनलमध्ये ते परवडणार नाही. पहिला सामना ०-० सुटला तरी पुणे स्पर्धेत जिवंत असेल. ०-२ झाला तर कंठीरवाच्या ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’समोर चमत्काराचीच वाट पाहावी लागेल.

पणाला काय लागलंय?

फायनल १७ मार्चला आहे आणि तीही बेंगळुरूतच, कंठीरवावर. म्हणजे बेंगळुरूने पुण्याला हरवलं तर विजेतेपदाचा सामना ते घरच्या मैदानावर खेळतील. पहिल्याच वर्षात चषक, तोही आपल्या माणसांसमोर, ही संधी त्यांना समोर दिसते आहे.

पुण्याचं गणित वेगळं. शहरात फुटबॉल खेळणारे कमी नाहीत. कॅम्पपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत मैदानं संध्याकाळी भरलेली असतात. पण वरच्या स्तरावरचे क्लब इथे टिकत नाहीत. आय-लीगमध्ये नाव कमावलेला पुणे एफसी काही वर्षांत बंद झाला, डीएसके शिवाजीयन्सही आता त्या लीगमध्ये दिसत नाही. २०१८ मध्ये शहराच्या नावाने देशाच्या पहिल्या फळीत खेळणारा संघ हा एकच होता. बालेवाडीत नारंगी जर्सी घालून येणारी ‘ऑरेंज आर्मी’ आकाराने बेंगळुरूच्या चाहत्यांपुढे लहान आहे. चार वर्षं सरासरी निकाल पाहूनही ती येत राहिली आहे.

बुधवारी रात्री आठला सामना सुरू होईल. पहिली पंधरा मिनिटं चेंडूकडे न पाहता एकच गोष्ट पाहावी: मिकू खाली आला की राफा लोपेझ त्याच्यामागे जातो की जागेवर थांबतो. पुण्याने काय ठरवलं आहे, ते तेवढ्यावरून कळेल.